दुपारची पेंग आणि चौथा चहा

प्रश्न : मी कळव्याला राहते आणि महापे येथील एका कंपनीच्या हिशेब विभागात नोकरी करते. पहाटे पाचला उठून दोन डबे करते, ठाण्याला येऊन ट्रान्स-हार्बरची गाडी पकडते आणि नऊच्या ठोक्याला टेबलावर असते. सकाळी काम झपाट्याने होते. मात्र दीडला डबा खाल्ला की अडीचच्या सुमारास डोळे मिटू लागतात. गेल्या महिन्यात अशाच वेळी एका बिलाची नोंद माझ्याकडून दोनदा झाली आणि साहेबांची बोलणी खावी लागली. जेवण निम्म्यावर आणून पाहिले, दिवसाला चार चहा होतात, तरी फरक नाही. काय करावे?

उत्तर : जेवण निम्मे करूनही पेंग गेली नाही, हे आपण कळवले ते फार बरे झाले, कारण आपण सारे ज्याच्यावर खापर फोडतो तो बिचारा डबा येथे मुख्य गुन्हेगार नाही. शरीराच्या दिनचक्रातच दुपारी साधारण एक ते तीनच्या दरम्यान एक उतार असतो आणि जे जेवत नाहीत त्यांनाही तो जाणवतो. भरपेट भात आणि गोड पदार्थ तो अधिक तीव्र करतात, एवढेच. त्यातच, जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि ते जितके साठेल तितकी झोप दाटते. पाचला उठणाऱ्या माणसाच्या डोक्यात अडीचपर्यंत साडेनऊ तासांचा साठा झालेला असतो.

म्हणून माझा पहिला प्रश्न रात्रीचा आहे, आणि त्याचे उत्तर पत्रात नाही. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप लागते. पाचला उठायचे असेल तर दहाला दिवा मालवला पाहिजे. हे लिहिणे सोपे आहे, ओटा आवरून झोपणाऱ्या बाईला ते सोपे नाही, याची मला जाणीव आहे. पण दोन डब्यांपैकी एकाची भाजी रात्रीच दुसऱ्या कुणी चिरून ठेवली आणि त्यामुळे अर्धा तास मिळाला, तरी तो दुपारच्या कोणत्याही उपायापेक्षा मोलाचा ठरेल.

आता चहाबद्दल. त्यातले कॅफिन ॲडेनोसिनची जागा अडवते, त्याचा साठा कमी करत नाही. अंमल ओसरला की झोप पुन्हा पुढ्यात उभी राहते. शिवाय घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मे पाच-सहा तासांनंतरही शरीरात उरलेले असू शकते, त्यामुळे साडेपाचचा चौथा चहा रात्री दहाच्या झोपेच्या आड येतो आणि दुसऱ्या दिवशीची पेंग तयार करून ठेवतो. शेवटचा चहा तीनच्या आत संपवावा. तो जेवणाला लागूनही नको, कारण चहातील टॅनिन अन्नातील लोह शोषू देत नाही, आणि लोहाची कमतरता हेही थकव्याचे एक कारण असते; मध्ये तासाभराचे अंतर ठेवावे.

आपल्याकडे जेवणानंतर शतपावली आणि वामकुक्षी सांगितली आहे. शतपावली कार्यालयाच्या बोळात न घालता आवारात, सावलीच्या कडेने दहा-पंधरा मिनिटे घालावी. चालल्याने जेवणानंतर वाढणारी रक्तशर्करा आटोक्यात राहते, आणि आषाढातल्या ढगाळ दुपारचा उजेडसुद्धा ट्यूबलाइटच्या कितीतरी पट असल्यामुळे मेंदू जागा होतो. वामकुक्षी म्हणजे डाव्या कुशीवर घटकाभर लवंडणे. कार्यालयात कूस कुठली मिळायला, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत खुर्चीतच डोळे मिटून पंधरा मिनिटे स्वस्थ बसावे. गजर मात्र लावावा, कारण अर्ध्या तासापलीकडे गाढ झोप लागली तर उठल्यावर डोके अधिक जड होते.

बिलांच्या नोंदी सकाळीच उरकाव्यात आणि अडीच ते साडेतीनची वेळ फोन, फाइली लावणे, दुसऱ्या विभागात स्वतः जाऊन विचारणे अशा हालचालीच्या कामांसाठी ठेवावी. पुरेशी झोप घेऊनही सकाळीच थकवा वाटत असेल, किंवा घरचे जोरात घोरण्याची तक्रार करत असतील, तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि बी-१२ यांची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने करून घ्यावी.

प्रश्न : ऐरोलीत आमच्या कंपनीतले अनेक जण दुपारी एनर्जी ड्रिंकचा कॅन घेतात. चहापेक्षा ते बरे का?

उत्तर : मला तसे वाटत नाही. भारतातील नियमांनुसार अशा पेयात लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असू शकते, म्हणजे २५० मिलिलिटरच्या कॅनमध्ये जास्तीत जास्त ७५. तेवढे तर एक-दोन कप चहातही मिळते. साखर मात्र अनेक कॅनमध्ये पाच-सहा चमचे असते. कॅनच्या मागची बारीक अक्षरे एकदा वाचावीत आणि मग कटिंगच मागवावा, तोही तीनच्या आत.