पहिला ॲम्प्लिफायर घेण्याआधी

मोजमापांवर विसंबावे की कानांवर, हा वाद जुना आहे. त्यात पडण्याआधी तुम्ही दोन ॲम्प्लिफायरची तुलना करताना आवाजाची पातळी एकसारखी ठेवायला शिका, कारण अर्ध्या डेसिबलने वरचा आवाज आपल्याला मोठा न वाटता अधिक ‘स्वच्छ’ वाटतो आणि पुष्कळ भांडणे तिथेच सुरू होतात. १०० हर्ट्झचा अखंड सूर लावून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने व्होल्टेज मोजा; फरक १ टक्क्याच्या आत, म्हणजे सुमारे ०.१ डेसिबल असावा. मग मित्राला जोडण्या बदलायला सांगून, कोणता चालू आहे हे न पाहता, १० वेळा ओळखून पाहा. त्यात ५-६ उत्तरे बरोबर आली, तर ती नाणेफेकच समजा. (एका महागड्या केबलचे मी महिनाभर कौतुक केले, ती जोडलेलीच नव्हती.)

नवखे बहुधा याच चुका करतात:
- केबलवर आधी खर्च करतात, स्पीकरसाठी मात्र पैसे उरत नाहीत.
- स्पीकर भिंतीला चिकटवतात, त्यामुळे डग्ग्याचा घुमारा फुगतो. ते दोन फूट पुढे ओढून पाहा.
- दुकानात दहा मिनिटे ऐकून निर्णय घेतात.

डीएसीचा, म्हणजे डिजिटल संगीताचे ॲनालॉग विद्युत संकेतात रूपांतर करणाऱ्या उपकरणाचा, विषय सध्या बाजूला ठेवा.