'प्रालिन' म्हणजे बदाम की चॉकलेट?

प्रश्न असा आहे: ब्रसेल्सहून आलेल्या खोक्यावर 'प्रालिन' छापलंय आणि आत मऊ सारणाची चॉकलेटं आहेत. पण केकच्या एका पाककृतीत प्रालिन म्हणजे साखरेत परतून कुटलेले बदाम. यातलं बरोबर कोणतं?

दोन्ही बरोबर. देश निराळे, आणि मध्ये साधारण अडीचशे वर्षं गेलेली.

शब्द मुळात एका माणसाच्या नावावरून आला. सेझार द श्वाझल (१५९८–१६७५) हा फ्रान्सचा मार्शल. प्लेसी-प्रालँचा काउंट ही त्याची पदवी. त्याच्या आचाऱ्याने साखरेतले बदाम केले, असं सांगतात. मुदपाकखान्यात राबला आचारी आणि नाव झालं धन्याचं, यात नवल काही नाही. कुणा धांदरट पोऱ्याच्या हातून पाक सांडला आणि पदार्थ जन्मला, अशीही एक गोष्ट आहे. पण असले पोरे निम्म्या मिठायांच्या जन्मकथेत भेटतात, त्यामुळे मी ती फारशी मनावर घेत नाही.

कृती मात्र बघण्यासारखी. सालासकट अख्खे बदाम पाकात टाकून सारखे हलवत राहायचं. पाणी आटलं की साखर पांढरी, रवाळ होऊन बदामांना चिकटते. आच तशीच चालू ठेवली तर ती पुन्हा थोडी वितळते, तांबूस होते आणि वर खडबडीत कवच धरतं. दिसायला आपल्या काटेरी हलव्याच्या जवळचं, फक्त रंगाने करपट. हेच बदाम पुढे दळले की तेल सुटून लगदा होतो. त्याला फ्रेंचमध्ये 'प्रालिने' म्हणतात. मराठीत ते लिहिलं की तृतीयेचा प्रत्यय लागल्यासारखं दिसतं, त्याला इलाज नाही. पाककृतीतलं कुटलेलं प्रालिन बहुधा याच घराण्यातलं.

आता खोक्याकडे. ज्याँ नॉयहाउस या मूळच्या स्विस गृहस्थाने १८५७ मध्ये ब्रसेल्सच्या 'राणीची गॅलरी' या छपराखालच्या बाजारात औषधांचं दुकान काढलं. कडू औषधाला चॉकलेटचा मुलामा देऊन तो ते विकायचा, असं सांगतात. त्याच्याच नावाच्या नातवाने १९१२ मध्ये औषधाच्या जागी सारण घातलं: चॉकलेटची कडक वाटी, आत मऊ पूरण. त्याला त्याने 'प्रालिन' म्हटलं आणि बेल्जियममध्ये तोच अर्थ रूढ झाला. आत बदाम असलाच पाहिजे ही अट गेली. ही नाजूक चॉकलेटं कागदाच्या पुडीत चेपायची, म्हणून १९१५ मध्ये त्याची बायको लुईझ अगोस्तिनी हिने 'बालोतँ' हे खोकं काढलं. जर्मनीतही प्रालिन म्हणजे भरलेलं चॉकलेटच. फ्रान्समध्ये मात्र प्रालिन मागितलंत तर बदाम मिळतील, आणि लिऑंमध्ये तर चक्क गुलाबी रंगाचे. न्यू ऑर्लिन्सला बदामाची जागा पेकन या अक्रोडासारख्या दाण्याने घेतली, पाकात साय आली आणि पदार्थ चपट्या वडीसारखा झाला. एकोणिसाव्या शतकात तिथल्या कृष्णवर्णीय बायका तो रस्त्यावर विकत. त्यांना 'प्रालिनिएर' म्हणत.

हे वाचून फ्रेंचांना किंवा बेल्जियनांना हसण्याआधी आपल्याकडे बघा. मराठी घरात 'चॉकलेट' म्हणजे संत्र्याची गोळीसुद्धा असते, आणि खरं चॉकलेट हवं असेल तर पोरं 'कॅडबरी' मागतात, मग ते कुठल्याही कंपनीचं असो. इथेही विशेषनामाचं सामान्यनाम झालंच आहे.

मराठीत लिहिताना मी असं करेन: पाककृतीत 'बदामाचं प्रालिन' किंवा 'प्रालिनचा लगदा' असं स्पष्ट लिहायचं, आणि खोक्यातल्यांना सरळ 'भरलेली चॉकलेटं' म्हणायचं. नुसतं 'प्रालिन' लिहिलंत, तर कुणीतरी केकमध्ये अख्खं खोकं ओतेल.