रेराचा परवाना घ्या, राजीनामा मात्र नऊ महिने खिशातच ठेवा

प्रश्न: वय ४१. पिंपरी-चिंचवडमध्ये वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत स्टोअर्स विभागात आहे. नोकरीला सव्वाचार वर्षं झाली. हातात ६२ हजार येतात, त्यातला २४ हजार गृहकर्जाचा हप्ता आणि साधारण ३० हजार घरखर्च. ४.५ लाखांची एफडी आहे, पीएफ वेगळा. एक मित्र पुनावळे-ताथवडे भागात फ्लॅट विकतो. तो म्हणतो, नोकरी सोड, सध्या माझ्याच रेरा एजंट नोंदणीच्या नंबरवर काम कर, पुढे भागीदारी करू. काय करावं?

उत्तर: रेराचा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याखालचा, एजंटचा परवाना जरूर घ्या. नोकरी आज सोडू नका, आणि मित्राच्या नंबरवर तर एकही फ्लॅट विकू नका.

आधी त्या नंबराचं बघू. रेरा कायद्याच्या कलम ९ नुसार नोंदणीकृत प्रकल्पातला फ्लॅट विकून देणाऱ्याची स्वतःची नोंदणी लागते. ती नसेल तर कलम ६२ खाली दिवसाला १० हजार दंड होऊ शकतो, आणि तो वाढत वाढत त्या मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जातो. ७५ लाखांच्या फ्लॅटवर हे ३ लाख ७५ हजार झाले. त्याच फ्लॅटवर २ टक्के दलाली धरली तर दीड लाख होते, आणि मित्राशी निम्मा वाटा केला तर तुमच्या हाती ७५ हजार. एवढ्यासाठी ही जोखीम कशाला?

नोंदणीचा क्रम असा आहे. १० जानेवारी २०२३ च्या आदेशापासून महारेराने, म्हणजे हा कायदा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, एजंटांना २० तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली आहे. प्रशिक्षण महारेराने मान्यता दिलेल्या संस्थेतच घ्या. आयबीपीएस (बँकांच्या भरती परीक्षा घेणारी संस्था) घेते ती परीक्षा पास होऊन प्रमाणपत्र मिळालं, की महारेराच्या पोर्टलवर अर्ज करायचा. पॅन, आधार, फोटो, व्यवसायाच्या पत्त्याचा पुरावा, मागच्या तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं आधीच जमवून ठेवा. व्यक्तीच्या नावाने शुल्क १० हजार आहे. भागीदारी संस्था किंवा कंपनी असेल तर थेट १ लाख. त्यामुळे मित्राची 'भागीदारी' सध्या बाजूला ठेवा आणि स्वतःच्या नावाने अर्ज करा. नोंदणी ५ वर्षं चालते. प्रशिक्षण आणि परीक्षा धरून सगळा खर्च २५ हजारांत बसवता येईल.

आता नऊ महिने कुठून आले? ग्रॅच्युइटीसाठी सलग पाच वर्षं सेवा लागते, आणि तुमची सव्वाचार झाली आहेत. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून ३० हजार धरला, तर दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार आणि महिना २६ दिवसांचा, या हिशेबाने ३०,००० × १५ ÷ २६ × ५ म्हणजे सुमारे ८६,५०० रुपये. आज राजीनामा दिलात तर यातलं काहीच मिळणार नाही. चार वर्षं आणि पाचव्या वर्षातले २४० दिवस भरले की भागतं, असं कुणी सांगेल. त्यावर कोर्टकज्जे झालेले आहेत, तुम्ही त्यात पडू नका.

या नऊ महिन्यांत परीक्षा द्या आणि शनिवार-रविवार काम करून बघा. साइट व्हिजिटची खरी गर्दी तेव्हाच असते. त्याआधी नेमणूकपत्र काढून वाचा. दुसरा व्यवसाय करू नये असं कलम त्यात असेल तर लेखी परवानगी मागा. ती मिळाली नाही आणि पत्नीला स्वतःला हे काम करायचं असेल, तर प्रशिक्षण त्यांनी घ्यावं, नोंदणी त्यांची, काम त्यांचं आणि उत्पन्नही त्यांचंच. परवाना त्यांचा आणि ग्राहक तुम्ही फिरवायचे, असं मात्र नको.

हिशेबाकडे येऊ. घरखर्च आणि हप्ता मिळून ५४ हजार. पेट्रोल, फोन, जाहिरात यांचे १२ हजार. म्हणजे महिन्याला ६६ हजार, वर्षाला ७ लाख ९२ हजार. थेट बिल्डरकडून दीड लाख मिळत असतील तर वर्षाला सहा सौदे लागतात, निम्म्या वाट्यावर अकरा. हे फक्त बरोबरीला यायला. दलालीही बुकिंगच्या दिवशी हातात पडत नाही. ॲग्रीमेंटची नोंदणी आणि ग्राहकाचा ठरलेला भरणा झाल्यावर बिल निघतं, मग बिल्डरच्या लेखाविभागाची पायरी. दोन ते चार महिने धरून चाला. बुकिंग रद्द झालं तर मिळालेले पैसे पुढच्या बिलातून कापून घेतात.

नवखे एजंट सर्वात जास्त पैसे घालवतात ते मात्र टॅगिंगमध्ये. ग्राहकाला साइटवर नेण्याआधी त्याचं नाव आणि मोबाइल तुमच्या नावाखाली बिल्डरकडे नोंदवलेला हवा. ग्राहक आधी एकटाच जाऊन आला असेल तर तो वॉक-इन, तुमचा नाही. टॅग किती दिवस टिकतो, दलाली किती आणि कधी, रद्द झाल्यास काय, हे बिल्डरकडून लेखी घ्या. तोंडी '३ टक्के देतो' म्हणणाऱ्याकडून आधी ईमेल मागवा. आणि जाहिरात टाकताना प्रकल्पाचा महारेरा क्रमांक, क्यूआर कोड आणि तुमचा स्वतःचा क्रमांक विसरू नका.

नोकरी सोडण्याच्या दिवशी एक वर्षाचे ७.९२ लाख बाजूला हवेत. एफडी ४.५ लाख, महिन्याला वाचणारे ८ हजार म्हणजे नऊ महिन्यांत ७२ हजार, आणि ग्रॅच्युइटी ८६,५००. एकूण ६ लाख ८ हजार, त्यातून परवान्याचे २५ हजार वजा. तूट २ लाख ९ हजारांची राहते. थेट दलालीचे दोन सौदे झाले तर ती भरून निघते. पीएफ या हिशेबात धरलेला नाही आणि तुम्हीही धरू नका.

कराचं थोडक्यात. बिल्डर २ टक्के टीडीएस कापेल, विवरणपत्रात त्याचा हिशेब होतो. दुकानदार वापरतात ती सोपी अंदाजी करपद्धत दलालीच्या उत्पन्नाला लागू नाही, तेव्हा पेट्रोलच्या पावतीपासून सगळं जपून वही लिहा. दलाली वर्षाला २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. काही बिल्डर मात्र जीएसटी क्रमांकाशिवाय बिलच घेत नाहीत. तो घेतलात की १८ टक्के आकारणं आणि ठरलेल्या मुदतीत विवरणपत्र भरणं मागे लागतं, महिना कोरा गेला तरी.

कंपनीचा आरोग्य विमा शेवटच्या कामाच्या दिवशी संपतो. वैयक्तिक पॉलिसी नोकरीत असतानाच घ्या, म्हणजे आधीच्या आजारांचा प्रतीक्षाकाळ आत्तापासून मोजला जाईल. तिचा हप्ता वरच्या ६६ हजारांत नाही, तो वेगळा मिळवा.

जुन्या सोसायटीतले फ्लॅट भाड्याने देण्याच्या कामाला रेराची नोंदणी लागत नाही. एका करारामागे साधारण महिन्याचं भाडं मिळतं, रक्कम लहान पण पैसे लगेच. मोठी दलाली अडकली की घर यावरच चालतं, म्हणून हा धंदा कमी लेखू नका.

नऊ महिन्यांत दोन सौद्यांची दलाली प्रत्यक्ष बँकेत जमा झाली, तर राजीनामा द्या. बुकिंग झालंय पण पैसे यायचेत, असं असेल तर अजून तीन महिने थांबा. एकही सौदा झाला नसेल तर नोकरी चालू ठेवा. परवाना आणखी चार वर्षं तुमच्याकडे असणारच आहे.