जिप्सी उंच करण्याआधी

वाचकांचे प्रश्न, गॅरेजची उत्तरं

पावसाळा संपत आला की या सदराकडे जुन्या फोर बाय फोर (चारही चाकांना जोर देणाऱ्या) गाड्यांची पत्रं यायला लागतात. यंदा कराडच्या पत्राला जास्त जागा देतो आहे, कारण तोच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत आणखी बऱ्याच जणांनी विचारला आहे.

प्रश्न : काका, नमस्कार. गेल्या दिवाळीत मी २००४ची मारुती जिप्सी किंग घेतली. एमपीएफआय इंजिन, हार्ड टॉप, १ लाख १२ हजार किलोमीटर चाललेली. आम्ही चौघं मित्र पाटण, हेळवाकच्या बाजूचे कच्चे रस्ते फिरणार आहोत आणि पुढच्या वर्षी स्पितीला जायचं ठरतंय. इथला गॅरेजवाला म्हणतो, पाटे (लीफ स्प्रिंग) अ‍ॅक्सलच्या वर घेऊ, पाच इंच उंची मिळेल. त्यावर २३५चे टायर, पुढे लोखंडी बंपर, विंच (रुतलेली गाडी ओढायचं यंत्र), टपावर कॅरिअर आणि स्नॉर्कल (पाण्यात इंजिनला वरून हवा देणारी नळी). माझ्याकडे दीड लाख आहेत. सुरुवात कुठून करू? मी सव्वीस वर्षांचा आहे, 'अरे-तुरे' केलंत तरी चालेल.
– वाचक, कराड

उत्तर : अरे, गाडी चांगली घेतलीस. पण दीड लाखातला पहिला रुपया उंचीवर घालू नकोस. आधी पुढचं एक चाक जॅकवर उचल. एक हात टायरच्या वर, एक खाली धर आणि जोरात हलव. चाक खटखटलं तर व्हील बेअरिंग तरी सैल आहे नाही तर किंगपिनचं (चाक ज्या खुंटीवर वळतं तिचं) बेअरिंग गेलं आहे. मग चाकाच्या मागे वाकून बघ. तिथे अ‍ॅक्सलच्या टोकाला एक गुळगुळीत लोखंडी गोळा दिसेल. स्टिअरिंग फिरवलं की चाक त्याच्याभोवती वळतं. तो गोळा पांढऱ्या फडक्यानं पूस आणि फडकं उजेडात धर. घट्ट ग्रीसचा पातळ थर आला तर ठीक. तांबूस, वाळू लागल्यासारखा लगदा आला तर आत पाणी शिरून गंज चढला आहे. काळं, पातळ, तेलासारखं काही ओघळत असेल तर आतलं ऑइल सील गेलं आहे आणि क्राऊनचं (दोन चाकांच्या मधल्या गिअरच्या डब्याचं) तेल ग्रीसमध्ये मिसळतं आहे. मग ग्रीस पातळ होतं, गोळ्यातला जॉइंट कोरडा पडतो आणि एक दिवस ओढ्यात चाक पूर्ण वळवून अ‍ॅक्सिलरेटर दिलास की कडकन आवाज येतो. दोन्ही बाजूंचे सील, फेल्ट, बेअरिंग बदलायला एक-दीड दिवसाचं काम आहे. विंचच्या पैशात हे कितीदा तरी होईल.

त्यानंतर चासी. मागच्या चाकांच्या मागे, शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या पट्ट्या) जिथे बसतात तिथे छोट्या हातोडीनं टकटक करत जा. खणखणीत आवाज आला पाहिजे. भद आवाज आला तिथे रंगाखाली गंज आहे. पायाखालचं मॅट उचलून पत्राही बघ. गाडी कोकणात राहिलेली असेल तर या दोन ठिकाणांवर माझा कधीच विश्वास बसत नाही. पाट्यांचे बुश, शॅकलच्या पिना, चाकांकडे जोर नेणाऱ्या शाफ्टचे क्रॉस (सांधे), ट्रान्सफर केसचे (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या डब्याचे) रबर माउंटिंग, ब्रेकचे होज पाईप हे सगळं वीस वर्षांचं झालं आहे, आणि गाडी उंच केल्यावर सगळ्यात जास्त ताण याच वस्तूंवर येणार आहे. दीड लाखातले निम्मे पैसे इथे गेले तरी हळहळू नकोस.

आता पाटे वर घेण्याविषयी. जिप्सीत अ‍ॅक्सल पाट्यांच्या वर बसतो. पाटे त्याच्या वर घेतले की अ‍ॅक्सलच्या जाडीइतकी आणि पाट्यांच्या थराइतकी उंची आपोआप मिळते, नवे पाटे लागत नाहीत. म्हणून गॅरेजवाल्यांना हे काम आवडतं. खालच्या यू-बोल्टच्या पट्ट्या दगडाला अडकायच्या थांबतात, हा त्यातला खरा फायदा. पण दोन चाकांच्या मधला क्राऊनचा गोळा जमिनीपासून होता तेवढ्याच उंचीवर राहतो. तो फक्त मोठ्या टायरनं वर जातो. आणि अ‍ॅक्सल पाट्यांच्या खाली लटकला की फर्स्टमध्ये जोर दिला किंवा कचकन ब्रेक मारला की तो पाट्यांना पिळतो. शाफ्टचा कोन बदलतो, स्टिअरिंगचा दांडा पाट्यांना लागतो म्हणून तो वाकवून घ्यावा लागतो, ब्रेकचे पाईप अपुरे पडतात. मुळातच अरुंद गाडी पाच इंच उंच झाल्यावर आडव्या उतारावर कशी वाटते ते तू स्वतःच्या पोटात अनुभवशील.

हे मी ऐकीव सांगत नाही. २००८ साली माझ्या स्वतःच्या जिप्सीला मी हेच केलं होतं. पाट्यांच्या बैठका मी माझ्या हातानं वेल्ड केल्या. भुईबावडा घाट चढताना, गाडीत बायको आणि सात वर्षांची मुलगी असताना, एका वळणावर मागच्या शाफ्टचा क्रॉस तुटला. शाफ्टचं टोक खाली पडून डांबरावर आपटायला लागलं. तो आवाज मुलीला अजून आठवतो. मी चाकांना दगड लावले, मागचा शाफ्ट पान्यानं उतरवून टपावर बांधला आणि फोर बाय फोर टाकून नुसत्या पुढच्या चाकांवर गाडी गगनबावड्यापर्यंत आणली. त्या महिन्यात पाटे पुन्हा खाली घेतले. तेव्हापासून मी हे काम कुणालाही करून दिलेलं नाही. नीट करणारे लोक आहेत, ते पिळ थांबवणारा दांडा लावतात, शाफ्ट नवा करतात, कोन मोजतात. तेवढं करायचं तर तुझे दीड लाख त्या एका कामात संपतील.

तुला जिथे जायचंय तिथे दोन इंच पुरे आहेत, आणि तेसुद्धा पाटे थकून खाली बसले असतील तरच हवेत. पाटे उतरवून नव्यानं कमान देऊन घे किंवा नवे घाल, त्या मापाचे शॉकअ‍ॅब्जॉर्बर लाव. शॅकल लांब करून उंची काढायच्या भानगडीत पडू नकोस. पुढचे शॅकल लांब केले की चाकाचा कोन बदलतो आणि वेगात स्टिअरिंग हातात राहत नाही.

टायरचा हिशेब मांडून दाखवतो. कंपनीचा २०५/७० आर १५ टायर ६६८ मिलिमीटर उंच असतो. २१५/७५ आर १५ भरतो सुमारे ७०३, आणि २३५/७५ आर १५ भरतो ७३३. म्हणजे २१५नं क्राऊन पावणेदोन सेंटिमीटर वर जातो, २३५नं सव्वातीन. पण २३५ घातलास की प्रत्येक गिअर दहा टक्क्यांनी लांब होतो, आणि स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६नं पळत असते. तुझ्या इंजिनात ८० अश्वशक्ती आहे खरी, पण १०३ न्यूटन मीटरचा जोर मिळतो तो ४५०० आरपीएमला. खाली, म्हणजे कमी आरपीएमला, हे इंजिन हलकंच आहे. दगडांवरून मुंगीच्या पावलांनी जायचं तर तोच खालचा जोर लागतो. मी २१५ घालीन, ऑल टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींना चालणारा. तुझ्या रस्त्यांपैकी बहुतांश डांबरीच असणार आहे, तिथे मड टायर ओल्यात घसरतो आणि कान किटवतो.

आणि हवा! फुकटात होणारी आणि सगळ्यात जास्त उपयोगाची गोष्ट हीच, पण कुणी करत नाही. रस्त्यावर २४-२६ पीएसआय ठेवतोस ती कच्च्या रस्त्यावर १८वर आण, दगडगोट्यांत १६. टायर चपटा होऊन दगडाला धरतो, गाडी उड्या मारायची थांबते, पाटे वाचतात. वाळूत १४. त्याखाली गेलास तर वळणावर टायर रिमवरून सुटू शकतो. हवा कमी असताना वेग तीसच्या खाली. चांगला गेज आणि बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर घे, म्हणजे वर आल्यावर हवा भरता येईल.

लोखंडी बंपर नको. एक तर कायदा. डिसेंबर २०१७मध्ये केंद्रानं राज्यांना क्रॅश गार्ड, बुल बार लावणाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं बनवलेल्या मूळ रचनेत फेरफार करता येत नाही आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे पुन्हा स्पष्ट केलं. तुझी गाडी पंधरा वर्षांच्या पुढची, म्हणजे दर पाच वर्षांनी पासिंगला उभी राहणार. दुसरं म्हणजे वजन. ही गाडी साधारण एक टनाची आहे. बंपर, विंच, कॅरिअर, पाण्याचे आणि पेट्रोलचे कॅन, वर तुम्ही चौघं असं सगळं चढवलंस तर ती हलकेपणामुळेच जिथून निघून जाते तिथेच रुतेल. टपावर तर तंबूशिवाय काही ठेवू नकोस.

विंचच्या जागी एक ताणणारी जाड दोरी, दोरी अडकवायला दोन ३.२५ टनांचे शॅकल (पाट्यांचे नव्हेत, लोखंडी कड्या), फावडं, आणि सोबत दुसरी गाडी. एकट्या गाडीनं जायचंच नाही, हा माझा नियम आहे. दोरी अडकवायचा हुक चासीला बोल्टनं बसवलेला पाहिजे. बंपरला वेल्ड केलेल्या हुकला दोरी लावून ओढलेलं मी एकदा पाहिलं आहे. हुक उखडून समोरच्या गाडीची काच फोडून आत गेला. ड्रायव्हर नुकताच खाली उतरला होता, म्हणून वाचला. ओढताना दोरीवर ओलं पोतं टाका आणि बघ्यांना दोरीच्या लांबीपेक्षा लांब उभं करा.

स्नॉर्कलपेक्षा आधी ब्रीदरकडे बघ. क्राऊन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस या सगळ्यांना हवा घ्यायला छोटी नळी असते. गरम झालेलं हाऊसिंग गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि तिथून किंवा सीलमधून पाणी ओढलं जातं. रबरी नळ्या जोडून त्या इंजिनच्या वरच्या अंगाला आणून बांध. ओढे पार केलेल्या फेरीनंतर ड्रेन बोल्ट जरा सैल करून तेल बघ. दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्याच दिवशी बदल. पाणी गुडघ्याच्या वर असेल तर आधी स्वतः चालत जा. चालताना पाय टिकत नसतील तर गाडी घालू नकोस, स्नॉर्कल असला तरी.

शेवटी एक मनापासून. हेळवाकच्या वर कोयना अभयारण्य आहे, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय गाडी घालणं गुन्हा आहे. पण सड्यावर, पठारावर कुणी अडवायला नसतं म्हणून काळजी वाटते. त्या कातळावर चार बोटं माती असते, त्यात सप्टेंबरात तेरडा, सीतेची आसवं फुलतात. एका चाकोरीत पाणी साचलं की पुढच्या पावसात ती माती वाहून जाते. मळलेली वाट सोडू नकोस, आणि पेरलेल्या रानाच्या बांधावर तर गाडी चढवूच नकोस. गावात थांबून विचारलं की लोक स्वतः पुढे येऊन वाट दाखवतात, हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे.

प्रश्न : सर, माझ्याकडे वडिलांची १९९६ची महिंद्रा एमएम ५४० आहे. शाळेसाठी रोज आंबोली घाट चढते. पावसात सुरक्षित म्हणून फोर बाय फोर टाकते, पण वळणावर स्टिअरिंग जड होतं, टायर कुरकुरतात, आणि वर पोहोचल्यावर फोर बाय फोरचा दांडा निघतच नाही. गिअरबॉक्स गेला का?
– वाचक, सावंतवाडी

उत्तर : ताई, गिअरबॉक्स बहुधा ठणठणीत आहे. वळताना पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा जास्त अंतर कापतात. तुमच्या जीपमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट ट्रान्सफर केसमध्ये एकमेकांना घट्ट जोडले जातात, हा फरक सोसायला मध्ये काही नाही. चिखलात चाक जरा घसरतं आणि ताण सुटतो. डांबर ओलं असलं तरी पकड धरतं, त्यामुळे तो ताण शाफ्टमध्ये साठत जातो आणि दांडा जाम होतो. दांड्यावर जोर करू नका. सरळ जागा बघून गाडी चार-पाच मीटर सरळ रिव्हर्स घ्या, क्लच दाबा, दांडा अलगद निघेल. तरी नाही निघाला तर एक मागचं चाक जॅकवर उचलायचं. चाक अचानक फिरतं, म्हणून आधी इतर चाकांना दगड लावा आणि हात लांब ठेवा.

घाटात डांबरावर फोर बाय फोर न टाकता टू व्हीलवरच (फक्त मागच्या चाकांवर) चालवा, चांगल्या खोल नक्षीचे टायर आणि कमी वेग एवढं पुरतं. दरड खाली येऊन माती पसरली असेल तेवढ्या पट्ट्यात फोर बाय फोर टाका आणि पुढे काढा. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले आहेत का तेही बघा. पुढे नवे, मागे गुळगुळीत असतील तर सरळ रस्त्यावरसुद्धा हाच ताण येतो.

प्रश्न : जिप्सीत डिझेल इंजिन बसवावं का? पेट्रोल परवडत नाही.
– वाचक, सिन्नर

उत्तर : नको. इंजिन बदलाची नोंद आरसी बुकात करून घ्यावी लागते, त्यासाठी आधी आरटीओची परवानगी लागते आणि जुन्या गाडीला ती मिळवताना दमछाक होते. डिझेल इंजिन जड असतं, पुढचे पाटे बसतात, आणि त्याचा जोर या गिअरबॉक्सला झेपत नाही. वर्षाला किती किलोमीटर चालवता ते आधी लिहून काढा. पाच-सहा हजार असतील तर इंजिन बदलायचा खर्च पेट्रोलमधून कधीच वसूल होणार नाही. प्लग, एअर फिल्टर, इंजेक्टर साफ करून घ्या, ब्रेक चाकाला घासतात का बघा, टायरची हवा तपासा. माझ्याकडे गाडी लिटरला कमी पळते अशी तक्रार घेऊन येणाऱ्या जिप्सींत बऱ्याचदा मागच्या ड्रममध्ये ब्रेक चिकटलेला सापडतो.