ऑडिशनला कोणते पीस घेऊ?

प्रश्न : मी भुसावळची, बारावी झाली. युनिव्हर्सिटीच्या पियानो ऑडिशनला वेगवेगळ्या काळातले तीन पीस मागितलेत. शोपाँचं अवघड एट्यूड (बोटांची तयारी दाखवणारी रचना) घेतलं तर छाप पडेल ना? घरी ६१ कीजचा कीबोर्डच आहे.

उत्तर : अगं नको, घाबरून हात घामेजले की एट्यूडच आधी घसरतं. बाखच्या १७२२ च्या वेल-टेम्पर्ड क्लाव्हियर या संग्रहातला सी मायनर प्रिल्यूड-फ्यूग घे, बेथोवेनच्या ओपस १० नंबर १ सोनाटाची पहिली मूव्हमेंट (म्हणजे पहिला भाग), आणि शोपाँचं एखादं नॉक्टर्न, म्हणजे रात्रीच्या शांत भावाची रचना, त्यात सूर कसा गातो तेच ऐकतात. फ्यूगला मात्र वेळ दे, त्यात एकच धून तीन आवाजांत पाठोपाठ येते, ते तिन्ही वेगळे ऐकू यायला हवेत. आणि कीबोर्डवर भागणार नाही गं, जळगाव-नाशिककडे कुठे ८८ कीजचा खरा पियानो मिळतो का बघ, पेडल नि कीजचं वजन तिथेच कळतं.