पोळ्या मेसला जातात, पण हिशेबात कुठे जातात?

प्रश्न : कर्वेनगरच्या एका मेसला मी रोज 120 घडीच्या पोळ्या देते, नगाला 7 रुपये. जाऊबाई लाटू लागतात, त्यांना पैसे देत नाही. सर्वेक्षणवाले आले तेव्हा सासूबाईंनी ‘दोघी घरीच असतात’ असं सांगून टाकलं. आमचं काम मोजलं गेलं का? – एक वाचक, वारजे

उत्तर : ते आवर्ती श्रमबल सर्वेक्षण, म्हणजे कोण काय काम करतं हे संकेतांक देऊन नोंदवणारं सरकारी सर्वेक्षण असेल, तर बहुधा नाही. दोघी संकेतांक 92 मध्ये, म्हणजे ‘फक्त घरकाम’मध्ये गेला असाल. खरं तर तुमचा संकेतांक 11, स्वतःचा धंदा. जाऊबाईंचा 21, घरच्या धंद्यात बिनपगारी मदत. हे दोन्ही रोजगारातच येतात. कणीक मेसची आणि तुम्हाला नगावर मजुरी, असं असतं तरी तुम्ही स्वयंरोजगारातच मोडता. वर्षात 30 दिवस केलेलं दुय्यम कामही धरतात. पुन्हा कुणी आलं तर स्वतः बोला. ‘कामाला जाता का?’ याला नुसतं ‘नाही’ म्हणू नका. काय करता, वर्षातले किती दिवस, कुणाला विकता, हे सांगा.

राष्ट्रीय उत्पन्नात तुमचे 840 रुपये जसेच्या तसे येत नाहीत. चार किलो कणीक 180 आणि तेल-गॅस 90 धरले, तर उरलेले 570 रुपये हे मूल्यवर्धन. असंघटित धंद्यांचा हा आकडा घरोघर विचारून काढत नाहीत. काम करणाऱ्यांची संख्या गुणिले माणशी मूल्यवर्धन, असा अंदाज बांधतात. म्हणून सासूबाईंचं एक वाक्य महागात पडतं. त्याच तव्यावरच्या घरच्या वीस पोळ्यांची किंमत मात्र शून्य, कारण घरच्यांसाठी केलेला स्वयंपाक या हिशेबात धरतच नाहीत.

प्रश्न : 15 वर्षं आणि त्यावरील महिलांचा श्रमबल सहभाग, म्हणजे काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्यांचं प्रमाण, 2017-18 मध्ये 23.3 टक्के होता, 2023-24 मध्ये 41.7 झाला. मग उत्पन्न त्या प्रमाणात का वाढलं नाही? – एक विद्यार्थी, सदाशिव पेठ

उत्तर : वाढ मुख्यतः ग्रामीण भागातली, शेती आणि स्वयंरोजगारातली आहे, शहरांत 2023-24 मध्येही आकडा 28 टक्केच होता. वरच्या प्रश्नातलंच घर पाहा. जाऊबाई 92 मधून 21 मध्ये आल्या की टक्का वाढतो, पोळ्या 120 च राहतात. त्यांनी दुसरी मेस धरली तर उत्पन्न वाढेल. पण वेळ कुठून आणायचा? 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या बायकांची रोज 289 मिनिटं त्यात जातात, पुरुषांची 88.