विक्री निम्म्यावर आली, आता ठेव मोडून माल भरू का?

वाचक ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. त्या पाच वर्षांपासून एका ऑनलाइन बाजारपेठेवर स्वतः डिझाइन करून शिवून घेतलेल्या कापडी पिशव्या, पाउच आणि प्रवासात लागणारे ऑर्गनायझर विकतात. गेल्या आठ महिन्यांत विक्री जवळजवळ निम्म्यावर आली आहे. अडीअडचणीसाठी ठेवलेल्या रकमेतला दोन तृतीयांश भाग काढायचा, तेवढंच कर्ज दोन वर्षांसाठी १८ टक्क्यांनी घ्यायचं, नवीन डिझाइनचा माल भरायचा, १५ टक्के सूट द्यायची आणि जाहिरात वाढवायची, असा त्यांचा विचार आहे. त्या लिहितात, "आता थांबले तर पाच वर्षं वाया जातील. कर्जाची ऑफर महिनाअखेरपर्यंतच आहे."

नमस्कार ताई,

कर्ज घेऊ नका आणि माल भरायला ठेवही मोडू नका, निदान पुढचे चार महिने तरी. हे आधीच सांगून टाकते, कारण ऑफरची मुदत तुमच्या डोक्यावर बसली आहे आणि तिच्या धाकाने निर्णय व्हायला नको. कारणं खाली सविस्तर लिहिते. धंदा बंद करा असं मात्र मी म्हणत नाही.

तुमचे सगळे आकडे मी एका मापात आणले आहेत. गेल्या वर्षीच्या चांगल्या महिन्याची विक्री १०० धरली आणि बाकी सगळं त्या हिशेबात लिहिलं. त्या १०० मधून माल आणि पॅकिंगला ४५ जायचे, कमिशनला १५, कुरिअरला १० आणि परत आलेल्या मालाच्या नुकसानीला ४. उरायचे २६. त्यातून जाहिरात ६, मदतनीस, जास्तीची खोली आणि सॉफ्टवेअर मिळून ८. हातात १२ राहायचे, त्यातले १० तुम्ही घरात द्यायचा.

आज विक्री ५५ आहे. २६ टक्क्यांच्या हिशेबाने त्यातून १४.३ उरतात. जाहिरात मात्र ६ वरून ८ झाली आहे आणि मदतनीस, खोली वगैरेंचे ८ जसेच्या तसे आहेत. म्हणजे दरमहा १.७ चा तोटा आहे आणि घरात १० देणं सुरूच आहे. महिन्याला जवळजवळ १२ चं भगदाड पडतं.

तुम्ही लिहिलंय की पहिले सहा महिने "एवढं काही जाणवलं नाही", पैशांची चणचण गेल्या दोन महिन्यांतच भासू लागली. यात तुमचा हलगर्जीपणा नाही, विकत्या धंद्याचं गणितच तसं आहे. विक्री वाढत असते तेव्हा नवा माल भरायला पैसे लागतात आणि नफा असूनही खातं रिकामं दिसतं. घटत असते तेव्हा उलटं होतं. जुना माल विकून पैसे येतात, पण तेवढा माल परत भरला जात नाही, त्यामुळे खातं भरलेलं दिसतं. आठ महिन्यांपूर्वी तुमच्याकडे खरेदीच्या भावाने २०० चा माल होता, आज १४० चा आहे. मधले ६० घरखर्चात आणि जाहिरातीत गेले. आता उरलेला माल हलत नाही म्हणून चणचण भासते. तोटा सुरू झाला होता तो त्याच्या कितीतरी आधी.

आता विक्री का घटली ते पाहू, कारण औषध त्यावर ठरतं. तुम्ही पाठवलेल्या अहवालात दोन आकडे मला फार मोलाचे वाटले. तुमची पानं पाहणाऱ्यांची संख्या ४० टक्क्यांनी उतरली आहे. पण पाहणाऱ्यांपैकी विकत घेणाऱ्यांचं प्रमाण १०० मागे ३ वरून २.७ झालंय, म्हणजे जेमतेम दहावा हिस्सा कमी. दोन्हींचा गुणाकार केला की बरोबर ५४-५५ येतात. तुमचा माल नाकारला जात नाही, ताई. तो लोकांच्या डोळ्यांसमोरच येत नाही. ऑर्डरची सरासरी रक्कम बदललेली नाही आणि तुलना तुम्ही मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी केली आहे, त्यामुळे हंगामाचा दोष इथे धरता येत नाही.

डोळ्यांसमोर न येण्याची कारणं बरीचशी तुमच्या हाताबाहेरची आहेत. अ‍ॅमेझॉनवर बाहेरच्या विक्रेत्यांचा विक्रीतला वाटा १९९९ मध्ये ३ टक्के होता, तो २०१८ मध्ये ५८ टक्क्यांवर गेला. एवढी गर्दी झाली की वरची जागा विकायला निघते. त्याच कंपनीचं जाहिरातीचं उत्पन्न २०२१ मध्ये सुमारे ३१ अब्ज डॉलर होतं आणि २०२४ मध्ये ५६ अब्जांच्या वर गेलं. पूर्वी चांगला माल आणि चांगले अभिप्राय यांवर जी जागा मिळायची, तिचं आता भाडं द्यावं लागतं. तुमची बाजारपेठ कोणती ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण वाटचाल बहुतेक ठिकाणी अशीच आहे. कमिशनचंही तसंच. हातकामाच्या वस्तू विकणाऱ्या एट्सी या ऑनलाइन बाजारपेठेने प्रत्येक विक्रीवरचं आपलं व्यवहार शुल्क २०१८ मध्ये ३.५ वरून ५ टक्के केलं आणि २०२२ मध्ये ६.५ टक्के. दीड टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण ज्याच्या हातात १०० मागे १२ उरतात त्याच्या नफ्याचा तो आठवा हिस्सा असतो. तुमचं कमिशन अजून १५ च आहे ना, हे ताज्या हिशेबपत्रकावरून एकदा पडताळून घ्या. माझं वरचं सगळं गणित त्यावर उभं आहे.

मग सूट. १०० च्या वस्तूवर १५ टक्के सूट दिली की हातात ८५ येतात. कमिशन थोडं कमी होऊन १२.७५ होईल. माल ४५, कुरिअर १० आणि परतीचे ४ मात्र तेवढेच राहतील. उरतात १३.२५. पूर्वी २६ उरायचे. म्हणजे आज जेवढं कमावता तेवढंच कमवायला जवळजवळ दुप्पट ऑर्डर शिवून, पॅक करून पाठवायला हव्यात. आणि अडचण माल न दिसण्याची असेल तर सूट सगळ्यात आधी त्या गिऱ्हाइकाला मिळते जो पूर्ण किमतीतही घेणारच होता. चालत्या मालावर सूट देऊ नका.

जाहिरातीवर जरा थांबते, कारण तुमचा खरा पैसा तिथे वाहून जातोय. ८ च्या जाहिरातीवर २४ ची विक्री झाली, "तिप्पट परतावा", असं बाजारपेठेचा अहवाल सांगतो. तिप्पट हा शब्द फार फसवा आहे. २४ च्या विक्रीतून तुमच्याकडे उरतात ६.२४ आणि खर्च झाले ८. तुमच्या २६ टक्क्यांच्या हिशेबात जाहिरातीचा परतावा ३.८५ पट, म्हणजे जवळजवळ चौपट असेल तेव्हा कुठे बरोबरी होते. त्याखालची प्रत्येक जाहिरात पदरमोड आहे. शिवाय त्या २४ मध्ये जाहिरात नसती तरी आलेली गिऱ्हाइकं किती, ते अहवाल सांगत नाही. ईबे या ऑनलाइन बाजारपेठेने २०१२ मध्ये शोधयंत्रांवर (गूगलसारख्या शोध घेण्याच्या संकेतस्थळांवर) स्वतःच्या नावाच्या शब्दांवर दिलेल्या जाहिराती प्रयोग म्हणून बंद केल्या, तेव्हा त्यातले ९९.५ टक्के लोक जाहिरातीखालच्या साध्या दुव्यावरून आलेच. त्याच संशोधनात असंही दिसलं की नव्या आणि क्वचित खरेदी करणाऱ्या लोकांवर जाहिरातीचा खरोखर परिणाम होतो. म्हणून सरसकट बंद करा असं मी म्हणणार नाही, वस्तूगणिक पाहा असं म्हणेन.

तरी समजा, उद्या सगळी जाहिरात बंद केली आणि त्या २४ मधली एकही ऑर्डर आली नाही, तर काय होईल? विक्री ३१ होईल, उरतील ८.०६, आणि मदतनीस-खोलीचे ८ त्यातून भागतील. म्हणजे विक्री आणखी निम्म्याच्या आसपास घसरूनही तुम्ही आजच्यापेक्षा बऱ्या स्थितीत असाल! विक्रीचा आकडा वर ठेवण्यासाठी तुम्ही दरमहा पैसे मोजताय. हा हिशेब मी तीनदा तपासला. ऑर्डर कमी झाल्याने शोधातली जागा आणखी खाली जाण्याचा धोका आहे, म्हणून हे हळूहळू करायचं. चौपटीच्या वर परतावा देणाऱ्या वस्तूंची जाहिरात चालू ठेवायची, बाकीच्यांची तीन आठवडे थांबवून त्यांची एकूण विक्री किती पडते ते पाहायचं.

आता कर्ज. १०० चं कर्ज १८ टक्क्यांनी २४ महिन्यांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे ५ बसतो. तेवढे ५ उरायला दरमहा १९ ची जादा विक्री हवी, तीही जाहिरातीवर एक पैसा न घालता. मालाच्या किमतीची वसुली आणि घरात द्यायचे १० हे त्याच्या पुढचं. आणि हे सगळं कशासाठी, तर आणखी माल आणायला. तुमच्याकडे आत्ताच १४० चा माल पडून आहे, आजच्या वेगाने साडेपाच महिने पुरेल एवढा. त्यातला एक तृतीयांश सहा महिन्यांत जागचा हललेला नाही. मालाची कमतरता ही तुमची अडचणच नाही, मग त्यासाठी व्याज का भरायचं? ठेवीचं तर याहून गंभीर आहे. ती १५० ची रक्कम म्हणजे घरात द्यायच्या १० च्या हिशेबाने १५ महिन्यांचा आधार. त्यातले १०० काढले की ५ महिने उरतात, आणि त्यातूनच हप्ताही द्यायचा.

पैसा हवाच असेल तर तो त्या न हललेल्या मालातून काढा. ४५ ला पडलेली वस्तू ६० ला विकली तर कमिशन ९, कुरिअर १० आणि परतीचे ४ वजा जाऊन ३७ हातात येतात. "खरेदीएवढेही सुटत नाहीत" म्हणून तुम्ही ती धरून ठेवली आहे, हे मला कळतं. स्वतः डिझाइन केलेली वस्तू पडेल भावात काढताना जिवावर येतं. पण तुम्ही ते ४५ आधीच खर्च करून बसला आहात. आता निवड फक्त ३७ रोख की ज्या खोलीचं भाडं भरता तिथे पडलेलं कापड, एवढीच आहे. शक्य तिथे दोन-तीन वस्तूंचा संच करून विका, एकाच कुरिअरमध्ये जातो. हा माल संपला की जास्तीची खोलीही सोडता येईल. मदतनिसाला रोजच्याऐवजी आठवड्यातले तीन दिवस बोलावता येईल का, ते त्यांच्याशी मोकळेपणाने आणि आधी सांगून बोला, त्यांचंही घर आहे. नवा माल भरायचा तो फक्त हमखास खपणाऱ्या पाच-सहा वस्तूंचा, थोडा थोडा, विक्रीतून आलेल्या पैशातून. नवीन डिझाइन काढायचं तर आधी छोटा लॉट.

हे सगळं जमलं तर माझ्या अंदाजाने विक्री ४५ च्या आसपास राहील. त्यातून ११.७ उरतील, जाहिरात ३, खोली-मदतनीस वगैरे ५, म्हणजे हातात साडेतीन-पावणेचार. तोटा थांबेल, पण घरात द्यायचे १० त्यातून निघणार नाहीत. हे तुम्हाला स्पष्टच सांगायला हवं. वरचे सहा-साडेसहा काही काळ दुसरीकडून यायला हवेत. ठेवीतून ते किती महिने काढायचे ते घरात बसून आत्ताच ठरवा, आणि त्याच वेळी दुसरं काम शोधायला लागा. शिवणकाम आणि ऑनलाइन विक्री दोन्ही येणाऱ्या माणसाला इतर विक्रेत्यांची कामं करता येतात. फोटो, पानांचं लिखाण, ऑर्डर सांभाळणं, या कामांना मागणी असते. जुन्या गिऱ्हाइकांना थेट विकण्याचा मार्गही आहे, मात्र पार्सलमध्ये स्वतःच्या दुकानाचं कार्ड घालण्याआधी बाजारपेठेचे नियम वाचा. बऱ्याच ठिकाणी त्याला मनाई असते आणि खातं बंद होऊ शकतं.

पाच वर्षं वाया जातील असं तुम्ही लिहिलंत, तिथे मी वाचताना थांबले. तुमच्याकडे शिवणारी भरवशाची माणसं आहेत, चांगले अभिप्राय आहेत, कोणतं कापड परत येतं आणि कोणतं येत नाही याचं ज्ञान आहे. ३१ च्या विक्रीवरही हा धंदा स्वतःचा खर्च भागवू शकतो, म्हणजे तो लहान करून जिवंत ठेवता येतो. कर्ज घेतलंत तर ही सोय जाते, कारण हप्ता विक्रीबरोबर लहान होत नाही.

चार महिन्यांनी काय पाहायचं तेही लिहून ठेवा. जाहिरात आणि खोली-मदतनीस वजा जाता सलग तीन महिने शून्याच्या खाली असाल, किंवा ठेव ९० च्या खाली गेली, तर धंदा शिस्तीत आवरायचा. तेव्हा खातं लगेच बंद करू नका. शेवटच्या ऑर्डरची परतीची मुदत संपेपर्यंत आणि अडकलेली रक्कम खात्यात जमा होईपर्यंत थांबा. झालेल्या विक्रीवरचा कर आधीच वेगळा काढून ठेवा, तो धंदा थांबल्यावरही भरावाच लागतो.

या आठवड्यात एवढंच करा. गेल्या ९० दिवसांचा जाहिरातीचा अहवाल वस्तूनुसार काढा, प्रत्येक वस्तूसमोर खर्च आणि त्यावरची विक्री लिहा, आणि चौपटीच्या खालच्या ओळींवर पेन्सिलने रेघ मारा. ती यादी मला पाठवा. कोणत्या जाहिराती आधी थांबवायच्या ते आपण मिळून पाहू, कारण त्यातल्या दोन-तीन वस्तू नवी गिऱ्हाइकं आणणाऱ्या असतील आणि त्या मला घाईने बंद करायच्या नाहीत.